फिजिक्स विभागाला ३० लाख द्यायचे आहेत: यंत्र घेऊन द्यावं की पैसे ठेवावेत?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही १९९४ साली एका राज्य विद्यापीठातून एम.एस्सी. फिजिक्स केलंत आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेलात. आई हायस्कूलात विज्ञान शिकवायच्या, त्यांच्या नावानं जुन्या विभागाला ३० लाख द्यायचे आहेत. बॅचमधले तिघं म्हणतात की सगळे मिळून एक एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी पदार्थाची स्फटिकरचना तपासायचं यंत्र घेऊन देऊ. त्यातला एक आता अमेरिकेचा नागरिक आहे. घरून सूचना आहे की विद्यापीठात पैसे मुरतील, त्यापेक्षा आयआयटीला द्या. आणि तुमचे प्रश्न तीन: पैसे विभागाला द्यावेत की विद्यापीठाला, कॉर्पस (मुद्दल राखून व्याज वापरायचा कायम निधी) करावा की यंत्र घ्यावं, आणि कुणी पैसे खाणार नाही याची खात्री काय?

मी ३१ वर्षं राज्य विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात शिकवलं, त्यातली ४ वर्षं विभागप्रमुख होते. देणग्या घेतल्या आहेत, एक नाकारलीही आहे. प्रत्येक विद्यापीठाचे परिनियम आणि वित्त विभागाच्या सवयी वेगळ्या असतात, म्हणून कुठं "हे तिथं विचारा" असं सांगावं लागेल. बाकीचं मात्र छातीठोकपणे सांगू शकते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तुम्हाला खरी काळजी त्याचीच दिसते. देणगीचे पैसे कुणी खिशात घातलेले मी इतक्या वर्षांत पाहिले नाहीत. पडून राहिलेले मात्र ढिगानं पाहिले. विद्यापीठात पैसा चोरीला जाण्यापेक्षा गोठून बसण्याची शक्यता कितीतरी जास्त. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न "खाणार कोण" हा नसून "वापरणार कोण, आणि वापरायला त्याला कुणाची सही लागणार" हा आहे. सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती फिरतं.

एक उदाहरण सांगते. आमच्याकडे एका सज्जन दात्यानं कमी तापमानात विद्युतरोध मोजायची संपूर्ण यंत्रणा घेऊन दिली. क्रायोस्टॅट, कॉम्प्रेसर, चिलर, संगणक, सगळं. लाल फीत कापली, पेढे वाटले, भिंतीवर पितळी पाटी लागली. पहिली दोन वर्षं यंत्र छान चाललं. तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यावर झाले. मग वॉरंटी संपली. कंपनीनं वार्षिक देखभाल कराराचं, म्हणजे एएमसीचं पत्रक पाठवलं: दरसाल किमतीच्या ६ टक्के. यंत्र ६० लाखांचं, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. आमच्या अख्ख्या विभागाचं देखभाल-दुरुस्तीचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातली त्या खर्चाची तरतूद, त्याच्या निम्मंही नव्हतं. करार झाला नाही. पुढच्या मे महिन्यात चिलरचा पंप बसला. दुरुस्तीची फाईल वित्त विभागात गेली, "सदर उपकरण विद्यापीठ निधीतून खरेदी केलेले नाही, तरतूद कोणत्या शीर्षातून?" असा शेरा घेऊन परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. १४ महिने यंत्र निळ्या प्लास्टिकच्या आवरणाखाली होतं. पाटी मात्र शिपाई दर सोमवारी ब्रासो लावून चकचकीत करायचा.

यात लबाड कुणीच नव्हतं. दाता भला, वित्त विभागातला कारकून नियमानं वागला, आम्ही पत्रव्यवहार केला. गोम अशी की यंत्र ही एकदाची देणगी असते आणि त्याचा खर्च दरवर्षीचा. हत्ती भेट मिळाला, वैरणीचं कुणी बोललंच नाही.

म्हणून एक्सआरडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. हे क्ष-किरणांचं यंत्र आहे, त्यासाठी अणुऊर्जा नियामक परिषदेची, म्हणजे एईआरबीची परवानगी लागते, किरणोत्सर्ग सुरक्षेची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. स्थिर वीजपुरवठा, वातानुकूलित खोली, थंड पाण्याची सोय, आणि काही वर्षांनी क्ष-किरण नळी बदलणं, ज्याला पुन्हा काही लाख. शिवाय बहुतेक विद्यापीठांत आता मध्यवर्ती उपकरण केंद्रात एक्सआरडी असतंच. ते आठवड्यातले किती दिवस चालू असतं, हे आधी विचारा. चौघांनी मिळून दुसरं घेऊन द्यायचं आणि दोन्ही ऑपरेटरअभावी बंद, असं होऊ शकतं. ऑपरेटरचं पद रिक्त असेल तर ते तुमच्या देणगीनं भरलं जाणार नाही. पदं शासन मंजूर करतं.

यंत्र स्वतः विकत घेऊन देण्यात आणखी एक तोटा आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. प्राप्तिकरात देणगीबद्दल मिळणारी ८०जी ची वजावट फक्त पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूच्या देणगीला नाही. वर वैज्ञानिक उपकरणांवरची जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्ये काढली. आधी विद्यापीठांना ५ टक्के लागायचा, आता १८ टक्के लागतो. म्हणजे तुमच्या प्रत्येक शंभर रुपयांच्या यंत्रामागे अठरा रुपये सरळ सरकारकडे जातात. विद्यार्थ्याच्या विद्यावेतनावर असं काही होत नाही.

मग काय द्यावं? तीन जागा सांगते. तुमच्या विभागात कुठली जास्त रिकामी आहे ते तिथं जाऊन बघावं लागेल.

पहिली जागा एम.एस्सी.ची प्रयोगशाळा, आणि माझा जीव तिथंच अडकलेला आहे. संशोधनासाठी पैसे मागायला दारं आहेत: केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आहे, एसईआरबी या जुन्या केंद्रीय संशोधन मंडळाच्या जागी आलेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे. शिकवण्याच्या प्रयोगशाळेसाठी प्रकल्प लिहायची सोयच जवळजवळ नाही. अमुक प्रयोगाची चार संच उपकरणं जुनी झाली म्हणून राष्ट्रीय संस्था सहसा पैसे देत नाहीत, आणि त्यावर शोधनिबंधही निघत नाही, म्हणून प्राध्यापकही त्यासाठी धावत नाहीत. कटू आहे, पण खरं आहे. मीही पहिली दहा वर्षं धावले नव्हते.

आमच्याकडची एक दुपार सांगते. २४ विद्यार्थी, दोघांची एक जोडी, म्हणजे १२ जोड्या. त्या सत्रात स्पेक्ट्रोमीटर पाच होते, पण सोडियमचे दिवे चालू दोनच. बाकीच्यांचे चोक गेलेले. सोडियमचा दिवा लावल्यावर आधी गुलाबीसर दिसतो, पूर्ण पिवळा व्हायला दहा-एक मिनिटं लागतात. त्या दोन दिव्यांभोवती पोरं शेकोटीभोवती बसल्यासारखी बसायची. एक जोडी कोन वाचतेय, बाकीचे "झालं का?" विचारतायत. शेवटच्या जोडीनं पहिलीची वाचनं उतरवून घेतली आणि मी ते दिसूनही सही केली, कारण दुसरं करणार काय होते? सोडियमच्या पिवळ्या प्रकाशातल्या दोन डी-रेषांमधलं ०.६ नॅनोमीटरचं अंतर स्वतःच्या डोळ्यांनी वेगळं होताना बघणं, हा फिजिक्सच्या विद्यार्थ्याचा हक्क आहे. तो काही हजार रुपयांच्या चोकपायी बुडत होता.

असं का होतं? विभागाला वर्षाला जे मिळतं ते ठरावीक शीर्षांत मिळतं: उपकरणं, रसायनं व काचसामान, देखभाल-दुरुस्ती. एका शीर्षातले पैसे दुसऱ्याकडे वळवता येत नाहीत. तीन दरपत्रकं किंवा सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, मग मंजुरी, मग आदेश. पैसे हातात येईपर्यंत जानेवारी उजाडतो आणि ३१ मार्चला उरलेले परत जातात. म्हणून फेब्रुवारीत घाईघाईनं गरज नसलेलं प्रिंटर-टोनर घेतलं जातं आणि जुलैत रोटरी पंपाच्या तेलाला पैसे नसतात. विभागाला मोठ्या रकमेपेक्षा खेळता पैसा हवा असतो. वर्षाला लाख-दीड लाख रुपये, विभागप्रमुख आणि एका शिक्षकाच्या सहीनं, आठवड्याच्या आत खर्च करता येतील असे, मार्चअखेर न बुडणारे. एवढं जर तुमच्या देणगीनं झालं, तर एक्सआरडीपेक्षा जास्त फिजिक्स शिकवलं जाईल.

दुसरी जागा विद्यार्थी. नेट परीक्षेतून जेआरएफ ही सरकारी फेलोशिप मिळालेल्या संशोधक विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. तो तुमची वाट बघत नाही. पण ज्याला जेआरएफ नाही आणि दुसरी कुठली फेलोशिप मंजूर होऊनही हातात यायला वर्ष लागतं, त्याचं काय? तो सकाळी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवतो आणि दुपारी प्रयोगशाळेत पेंगतो. आम्ही माजी विद्यार्थी संघाच्या मदतीनं एक छोटा फिरता निधी केला होता. फेलोशिप येईपर्यंत महिना ठरावीक उचल, पैसे आल्यावर परत. व्याज नाही. सहा वर्षांत एकानंच बुडवले, आणि तोही नंतर दिवाळीत पेढ्यांसकट आणून देऊन गेला. हे विद्यापीठाच्या खात्यातून करता येत नाही, उसनवारीचं शीर्ष त्यांच्याकडे नसतं. नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ लागतो, आणि त्याच्या घटनेत ते बसतं का हे बघावं लागतं.

त्याहून साधं म्हणजे उन्हाळी प्रकल्प. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यानं ३ लाख ठेवले होते, त्याच्या व्याजातून दर मे-जूनमध्ये दोन विद्यार्थ्यांना आठ-आठ हजार मिळायचे. रक्कम ऐकून हसाल. पण सुट्टीत वसतिगृह सोडून गावी जावं लागणारी मुलगी त्या आठ हजारांत दोन महिने शहरात राहू शकायची आणि पहिल्यांदा वर्गाबाहेरचं काम करायची. त्यातली एक सांगोल्याजवळच्या गावातली होती. तिनं त्या दोन महिन्यांत मोडीत निघालेला मायकेल्सन इंटरफेरोमीटर, म्हणजे प्रकाशलहरींनी सूक्ष्म अंतरं मोजायचं उपकरण, जुळवून चालू केला. दुसऱ्या कुठल्या देणगीनं आमच्याकडे इतक्या थोड्या पैशांत इतकं काम झालेलं मला आठवत नाही.

तिसरी जागा संशोधन, पण यंत्राविना. आपल्या देशात मोठी यंत्रं आहेत आणि विद्यापीठाच्या माणसाला ती वापरू द्यायची व्यवस्थाही आहे, हे दात्यांना माहीत नसतं. इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारा कणत्वरक आहे. इंदूरमध्येच विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी म्हणूनच उभारलेली यूजीसी-डीएई संस्था आहे, तिच्याकडे द्रव हीलियमच्या तापमानाची मोजमापं होतात. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या. निरीक्षणाचा प्रस्ताव चांगला असेल तर कुठल्याही विद्यापीठातल्या माणसाला वेळ मिळतो. देशभरातली उपकरणं कुठं आहेत आणि त्यांचं शुल्क काय, हे आय-स्टेम पोर्टलवर दिसतं. म्हणजे विद्यार्थ्याला लागतं काय? इंदूरचं रेल्वेचं तिकीट, चार रात्रींचं राहणं, नमुने नेण्याचा एक बरा डबा आणि कुठं कुठं नमुन्यामागे काहीशे ते काही हजार शुल्क. "प्रवास व मापन साहाय्य" या नावाखाली वर्षाला लाखभर रुपये ठेवलेत, तर चार-पाच विद्यार्थ्यांचं काम अडणार नाही. आणि यात गंजायला काही नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: यंत्र नको, प्रयोगशाळेला खेळता पैसा, विद्यार्थ्याला उन्हाळा आणि संशोधकाला तिकीट. आता पैसे ठेवायचे कसे.

कॉर्पसचं आकर्षण समजते. आईचं नाव कायम राहावं असं वाटतं. पण "कायम" या शब्दापाशी जरा थांबा. आमच्या पदवीदान समारंभात एक पारितोषिक दिलं जायचं, १९६८ साली कुणीतरी ५ हजार ठेवले होते. ६ टक्क्यांनी वर्षाला ३०० रुपये. १९६८ मध्ये ते भरघोस बक्षीस असेल. मी विभागप्रमुख असताना पहिल्या आलेल्या मुलाला ३०० रुपयांचा धनादेश मिळाला आणि त्यानं तो बँकेत भरलाच नाही. वर्षअखेर हिशेबात "न वटलेला धनादेश" म्हणून नोंद आली.

तुमच्या ३० लाखांवर आज ६.५ टक्के धरले तर वर्षाला १ लाख ९५ हजार व्याज. ते सगळं दरवर्षी खर्च केलंत तर मुद्दल आकड्यात तेवढंच राहील, पण किमती ६ टक्क्यांनी वाढत गेल्या तर १२ वर्षांत त्याची किंमत निम्मी होईल. म्हणून मी दात्यांना दोन भाग करायला सांगते. तुमच्या बाबतीत १२ लाख पुढच्या चार वर्षांत सरळ खर्च करायचे, दरसाल ३ लाख. त्यात प्रयोगशाळेची डागडुजी होऊन जाईल आणि विभागाला पैसे वापरायची सवय लागेल; पहिल्या वर्षी ते चाचपडतील, हे धरून चाला. उरलेल्या १८ लाखांची मुदत ठेव. व्याज १ लाख १७ हजार. त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे ७८ हजार खर्च आणि ३९ हजार परत मुद्दलात. महागाईला हे पुरतं पुरून उरत नाही, पण झीज पुष्कळ मंदावते. दात्याला आयुष्यात आणखी थोडी भर घालता आली तर उत्तमच.

अटींबद्दल एक जुनी गोष्ट. १९१२ साली तारकनाथ पालित यांनी आणि पुढच्या वर्षी रासबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठाला विज्ञान महाविद्यालयासाठी लाखो रुपये दिले. दोघंही वकील, शास्त्रज्ञ एकही नाही. पालितांच्या पैशातून फिजिक्सचं अध्यासन निघालं. अट अशी की प्राध्यापक भारतीयच हवा, आणि त्याचं शिक्षण परदेशात झालेलं हवं. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांना त्या जागी हवे होते रामन, जे तेव्हा सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते. रामन परदेशी जायला तयार होईनात. शेवटी अट सैल केली गेली आणि १९१७ मध्ये रामन सरकारी नोकरी आणि तिचा मोठा पगार सोडून पालित प्राध्यापक झाले. त्यांचे प्रयोग मात्र चालले बहुबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत, जी डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून काढली होती. २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणामाचा शोध तिथला. एका दात्यानं माणसाला उभं केलं, शेकडो वर्गणीदारांनी छप्पर दिलं, आणि नडणारी अट कुणीतरी शहाणपणानं बाजूला ठेवली. ती अट दगडावरची रेघ धरली असती तर रामन हिशेबच तपासत राहिले असते.

तेव्हा तुमच्या दानपत्रात उद्देश रुंद ठेवा: "भौतिकशास्त्र विभागातील अध्यापन व संशोधन, प्राधान्य प्रयोगशाळा आणि विद्यार्थी साहाय्य." आणि त्याखाली एक वाक्य नक्की घाला की हा उद्देश पुढे गैरलागू ठरला, तर समिती विद्यापीठाच्या संमतीनं त्याच विभागासाठी जवळचा दुसरा उद्देश ठरवू शकेल. आमच्याकडे "फोटोग्राफिक प्लेटांसाठी" ठेवलेला एक निधी अजून आहे. प्लेटा मिळत नाहीत, निधी मोडता येत नाही, व्याज साचतंय.

खर्चाची समिती तीन जणांची पुरे: विभागप्रमुख, प्रयोगशाळा बघणारा शिक्षक आणि विभागाबाहेरचा एक शिक्षक. तुम्ही किंवा तुमचे नातेवाईक त्यात नको. वर्षातून एकदा एक पानाचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागा, न चुकता मागा. दाता विचारत राहिला की कागद हलतो, हा माझा अनुभव आहे. पण कुठला विद्यार्थी निवडायचा, कुठल्या विषयावर काम करायचं, यात बोलू नका. मी नाकारलेली देणगी याच कारणानं नाकारली होती. दात्याला स्वतःचा एक सिद्धांत विभागानं "सिद्ध करून" हवा होता. त्यात आइनस्टाइन चुकलेले होते.

विभागाला द्यावं की विद्यापीठाला, याला तांत्रिक उत्तर एकच: विभागाला कायदेशीर अस्तित्व नसतं, पैसे विद्यापीठालाच जातात. महत्त्वाचं असतं ते विभागासाठी ते राखून ठेवल्याचा ठराव. क्रम असा: विभागप्रमुखांशी बोलून मसुदा, मग कुलसचिव आणि वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे पत्र, मग व्यवस्थापन परिषदेची मान्यता. परिषदेच्या ठरावाचा क्रमांक हातात आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. विभागप्रमुख कितीही चांगले असले तरी त्यांची मुदत तीनेक वर्षांची. ठराव मात्र टिकतो. पुढच्या वेळी "तरतूद कोणत्या शीर्षातून?" असा शेरा आला की तोच क्रमांक लिहून फाईल परत पाठवता येते.

माजी विद्यार्थी संघ जिवंत असेल, म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण होत असेल आणि ८०जी ची मान्यता असेल, तर १२ लाखांचा खर्चाचा भाग त्याच्यामार्फत जास्त चटकन हलतो. १८ लाखांचा कॉर्पस विद्यापीठात. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्यात इथं शहाणपण आहे. स्वतःचा ट्रस्ट काढायचा विचार असेल तर एवढ्या रकमेसाठी काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दर बदलाला चेंज रिपोर्ट, लेखापरीक्षण, आयकराच्या मान्यतेचं नूतनीकरण. व्याजाचा चांगला तुकडा सीएच्या फीमध्ये जाईल.

कराचं थोडक्यात. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, मी जुन्या नावानं बोलते. ८०जी ची वजावट नव्या कररचनेत मिळत नाही, जुनीत मिळते. सर्वसाधारणपणे देणगीच्या ५० टक्के, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणून ३० लाख एकाच वर्षी देण्याऐवजी तीन-चार आर्थिक वर्षांत विभागून देणं बऱ्याचदा फायद्याचं ठरतं. २ हजारांवरची रोख देणगी धरत नाहीत. संस्थेकडून १०बीई प्रमाणपत्र मिळालंच पाहिजे, नुसती पावती चालत नाही. बाकी तुमच्या सीएला विचारा.

अमेरिकेतल्या मित्राची गोष्ट वेगळी. तो भारतीय नागरिक असता तर परदेशात राहूनही स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकला असता. नागरिकत्व बदललं, मग ओसीआय कार्ड असलं तरी त्याची देणगी "परकीय योगदान" धरली जाते. घेणाऱ्याकडे सहसा एफसीआरएची, म्हणजे परकीय योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं असे पैसे घेऊन दुसरीकडे वळवणंही बंद झालं. त्यामुळे "तो मला पाठवेल, मी पुढे देईन" हा मार्ग डोक्यातून काढून टाका. तुमच्या विद्यापीठाची परिस्थिती काय आहे हे वित्त विभागाला लेखी विचारा. उत्तर लेखीच घ्या.

तुमच्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्च करायचा निधी, मिळवता येईल का, हाही विचार करा. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतलं विज्ञान संशोधन कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसतं. पण सीएसआरचे पैसे जानेवारी २०२१ पासून कॉर्पसमध्ये टाकता येत नाहीत, म्हणून ते आले तर प्रयोगशाळेच्या डागडुजीला लावा.

आता आयआयटीबद्दल. घरच्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. तिथं देणगी स्वीकारायला स्वतंत्र कार्यालय आहे, पावती चटकन येते. पण २०२३ मध्ये नंदन नीलेकणी यांनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. त्याशेजारी तुमचे ३० लाख म्हणजे दर्यामें खसखस. तुमच्या जुन्या विभागात मात्र ३ लाखांत वर्षभराची प्रयोगशाळा फिरते. आणि तुमच्या आईंसारख्या शाळेत विज्ञान शिकवणारी बहुतेक बाया-माणसं याच विभागांतून आणि आसपासच्या महाविद्यालयांतून शिकून जातात.

नावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. पाटी लावू नका असं मी म्हणणार नाही, आपण माणसंच आहोत. फक्त ती यंत्राला लावू नका. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका ज्या इमारतीत आहे, ती पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली. इमारतीचं नाव पुलस्त्य. सप्तर्षींतला एक तारा, आणि कान देऊन ऐकलं तर त्यात पु. ल. आहेतच. तुमच्या आईंच्या नावानं उन्हाळी प्रकल्प सुरू करा. दरवर्षी दोन मुलांच्या अहवालाच्या पहिल्या पानावर ते नाव हातानं लिहिलं जाईल.

सगळ्यात आधी मात्र एक करा. सत्र चालू असताना, कुणालाही न कळवता, एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी अकरा ते दोन या वेळात विभागात जा. एम.एस्सी. प्रथम वर्षाची प्रॅक्टिकल्स चालू असतील. मागच्या बाकावर बसा. कुठल्या यंत्रावर आवरण आहे, कुठल्या जोड्या ताटकळतायत, हे बघा. प्रयोगशाळा सहायकाबरोबर चहा प्या, विभागप्रमुखांच्या आधी. काय चालतं आणि काय नाही हे त्याला तोंडपाठ असतं. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे विभागातल्या उपकरणांची नोंदवही, दाखवा म्हणा. आणि सोडियमचे दिवे किती चालू आहेत ते मोजून या. आकडा इथं लिहा, मग पहिल्या वर्षाच्या ३ लाखांची यादी आपण मिळून करू.